खिडकीतल्या गुलाबावर डाग? आधी पान उलटं करा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ग्रिलमधला गुलाब ऐन कळ्या धरताना डागाळला की लगेच औषध फवारलं जातं. कृपा करून थांबा. आधी पान उलटं करून बघा. वरून सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी असेल, तर तो लाल कोळी, म्हणजे एक अगदी बारीक कीड. पांढऱ्या कागदावर पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले की शंकाच उरत नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, सकाळीच, म्हणजे पानं लवकर वाळतात.

काळे, झालरीसारख्या कडांचे डाग आणि भोवती पिवळेपणा असेल तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हीच जास्त छळते, कारण पान सलग सुमारे ७ तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू रुजतात. डागाळलेली आणि गळलेली पानं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये मुळीच नको. कुंड्या दाटीने ठेवू नका, पाणी मुळाशीच घाला.

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा? जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम कमी, कोवळ्या पानांवर असेल तर लोह. पण लोहाचं खत आणण्याआधी कुंडीचं भोक तुंबलंय का ते तपासा. पाण्यात बसलेल्या मुळांना मातीतलं लोहही घेता येत नाही.