एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) फॉस्फेट हटत नाही? या चुका टाळा

गोदावरीचं पाणी संथ झालं की नाशिकमध्ये पाणवेलींची (जलपर्णीची) चर्चा सुरू होते. त्या वेली काढायलाच हव्यात, पण त्यांना पोसणारं खत आपल्याच सांडपाण्यातून जातं: नायट्रोजन आणि फॉस्फेट. नायट्रोजन वायू होऊन हवेत जाऊ शकतो. फॉस्फरस तसा जात नाही, जैविक प्रक्रियेत तो गाळाबरोबरच बाहेर काढावा लागतो.

म्हणून सगळ्यात महागात पडते ती गाळ साठवून ठेवण्याची चूक. टँकमध्ये जिवाणूंचा गाळ दाट दिसला की ऑपरेटरला बरं वाटतं, मग वेस्टिंग, म्हणजे जादा गाळ बाहेर काढणं, उद्यावर जातं. साध्या प्रक्रियेत गाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस साधारण १.५ ते २ टक्के असतो, फॉस्फेट साठवणारे जिवाणू रुजले की ५ ते ७ टक्क्यांपर्यंत जातो. हाच गाळ क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या) तळाशी पडून राहिला, हवा संपली, की जिवाणू साठा पुन्हा पाण्यात सोडतात. सगळी मेहनत वाया! गाळ दाबून निघालेलं पाणी इनलेटला परत जात असेल तर त्यातलं फॉस्फेटही तपासा.

दुसरी चूक घाबरून केली जाते. हवा नसलेल्या पहिल्या टाकीत फॉस्फेट येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त दिसतं, आणि कुणीतरी तिथे हवा सोडतं. असं करू नका. इथे हे जिवाणू साठवलेला फॉस्फेट फोडून ऊर्जा मिळवतात आणि अ‍ॅसिटेटसारखी आम्लं पोटात साठवतात. पुढच्या हवेच्या टाकीत त्याच शिदोरीवर ते सोडल्यापेक्षा जास्त फॉस्फेट उचलतात. पहिल्या टाकीत आकडा वाढलाच नाही, तर मात्र काळजी करा. रिटर्न स्लजमधलं (क्लॅरिफायरमधून परत आणलेल्या गाळातलं) नायट्रेट आधी मोजा, कारण त्यावर श्वास घेणारे दुसरे जिवाणू ही आम्लं फस्त करतात. पाणी उंचावरून पडत असेल तर त्यातूनही हवा मिसळते.

उन्हाळ्यात पाणी २५ अंशांच्या वर गेलं की आम्लं खाणारे, पण फॉस्फेट न साठवणारे जिवाणू वरचढ होऊ शकतात. सामू ७ च्या खाली घसरू देऊ नका. पावसाळ्यात सांडपाणी पातळ होऊन खाद्यच कमी पडतं, तेव्हा तुरटीचा आधार घ्यावा, पण शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीलाच टाकली तर जिवाणूंचा फॉस्फेट तीच पळवते.

आणि रिपोर्ट नीट वाचा. ३ मिलिग्रॅम फॉस्फेट म्हणजे जेमतेम १ मिलिग्रॅम फॉस्फरस. टाकीतला नमुना जागेवरच गाळून घ्या, कारण बाटलीतल्या गाळातूनही फॉस्फेट सुटत राहतं.