पहिल्याला एकटं पाडू नका

कोपऱ्यातल्या पोराने चढाईवाल्याचा घोटा धरला आणि बाकीचे बघत उभे राहिले, तर चढाईवाला त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. मागून साखळी पडली तरच पकड टिकते. पंधरा वर्षं मी कबड्डीत हेच शिकवतोय. मैदानाबाहेरही तेच शिकवायला हवं, हे मात्र उशिरा कळलं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने आधीच्या मैत्रिणीचा खासगी फोटो टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एका बदली खेळाडूने लिहिलं, "काढ ते." सगळ्यांनी त्याचीच खेचली, आठवडाभर तो सरावाला फिरकला नाही. नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सात जण म्हणाले, "सर, मला पटलं नव्हतं, पण बाकीच्यांना चालत होतं ना." सातही जण एकमेकांकडे बघून गप्प होते. मीही तो मेसेज रात्रीच पाहिला होता, आणि सकाळी बोलू म्हणून झोपलो. त्याची लाज अजून वाटते.

तुमची तालीम असो, गोविंदा पथक असो की हॉस्टेल, भाषणाने सुरुवात करू नका. सरावानंतर कोऱ्या चिठ्ठ्या वाटा: "आपल्यात मुलींबद्दल जे बोललं जातं, त्यातलं तुला काय खटकतं?" नाव लिहायचं नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या तुम्हीच मोठ्याने वाचा. आपल्याच मनातलं दहा चिठ्ठ्यांतून ऐकलं की पोरांचे चेहरे बदलतात.

मग वाक्यांचा सराव. छोटी वाक्यं, रोजच्या भाषेतली: "भावा, काढ ते." "तिला मध्ये आणू नको." एक जण चेष्टा करेल, दुसरा अडवेल. पण खरी मेहनत तिसऱ्यावर घ्या. त्याने लगेच एवढंच म्हणायचं, "बरोबर बोलतोय तो." पहिल्या दिवशी पोरं हसतील, हसू द्या. कप्तानाशी आधी एकांतात बोला. तो हसला तर सगळे हसतात.

कायदाही सांगा. खासगी अवस्थेतला फोटो तिने स्वतः काढू दिला असला, तरी तिच्या संमतीशिवाय पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. म्हणून "पुरावा" म्हणूनही पुढे पाठवायचा नाही. पुढे काय करायचं, हे त्या मुलीला विचारून ठरवायचं. ती अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पोरं मुंबईतल्या अंधेरीच्या अंबोलीचं विचारतात. २०११ साली तिथे कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांच्या आडवे गेले आणि दोघांचा जीव गेला. म्हणून मी स्पष्ट सांगतो: हा सराव आपल्या माणसांसाठी आहे, ज्यांची घरं आपल्याला माहीत आहेत. रस्त्यावर अनोळखी टोळकं असेल तर अंगावर जायचं नाही. मुलीला तिथून बाजूला न्यायचं, आजूबाजूच्यांना हाका मारायच्या, ११२ ला फोन करायचा.

आणि जो पहिल्यांदा बोलला, त्याला त्याच रात्री फोन करा. ग्रुपवर शाबासकी नको, त्याने तो आणखी उघडा पडतो. मी आमच्या त्या पोराला आठवड्याने केला. म्हटलं, "उद्या ये. डाव्या कोपऱ्यात तू आहेस."