मार्कडाउनचा पार्सर: आधी ओळी, मग तारका

मार्कडाउन म्हणजे `*` सारख्या साध्या खुणांनी मांडणी दाखवणारं लिखाण; ते वाचून एचटीएमएल टॅग बनवणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. तो लिहिताना काम दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त ओळी पाहून परिच्छेद, याद्या, कोडचे तुकडे वेगळे काढा. ठळक अक्षरं आणि लिंका दुसऱ्या फेरीत, कारण लिंकची व्याख्या फाईलच्या तळाशीही असू शकते. टॅबच्या जागी सरसकट ४ स्पेस घालू नका; टॅब ४ च्या पुढच्या पटीपर्यंतच सरकतो.

खरी डोकेदुखी ठळक-तिरप्या अक्षरांसाठीच्या तारकांची. `*अ **ब* क**` वर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधून बदलणारं सूत्र) चालवलं की टॅग एकमेकांत अडकतात. त्याऐवजी प्रत्येक तारकासमूह स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघणाऱ्या यादीत) ठेवा. शेजारची अक्षरं पाहून तो उघडणारा, मिटणारा की दोन्ही, ते नोंदवा. मिटणारा आला की मागे जोडी शोधा. कॉमनमार्कमध्ये, म्हणजे मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीत, एवढ्यासाठीच १७ नियम आहेत! जोडी न मिळालेली तारका जशीच्या तशी छापा. इथे ‘सिंटॅक्स एरर’ (लिखाण चुकलंय) म्हणून थांबायची पळवाट नाही.

चाचणीत ५०,००० उघडे चौकटी कंस देऊन पाहा. कंस दुप्पट केल्यावर वेळ चौपट झाला, तर प्रत्येक कंसासाठी शेवटपर्यंत नव्याने शोध चाललाय.