मागच्या डिफरन्शियलची कटकट कशी थांबवली

ठोकळे जोडून केलेल्या खेळण्यातल्या गाडीत मोटर बसवली. सपाट फरशीवर ती झकास पळायची, पण जरा चढ आला की मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) कट-कट-कट! मोटर फिरतेय, चाकं ढिम्म.

अशा वेळी पहिला संशय दातांच्या झिजेवर जातो. दात शाबूत होते. मग गाडी उलटी धरली, चाकं हाताने अडवली आणि मोटर किंचित चालवली. बेव्हल गिअर (काटकोनात फिरवणारा तिरप्या दातांचा गिअर) शाफ्टवरून केसभर मागे सरकत होता. दात सुटायला तेवढं पुरतं. बेव्हल गिअरचा स्वभावच तो. फिरवताना एकमेकांना दूरही ढकलतात.

गिअरमागची फट अर्ध्या जाडीच्या बुशने (शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या कड्याने) भरली आणि डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना बीम (छिद्रांच्या पट्ट्या) आडवे टाकून चौकट बंदिस्त केली. आवाज निम्म्यावर आला. (काळ्या घट्ट पिनाच वापरा, करड्या सैल पिनांनी चौकट खुळखुळते.)

खरा इलाज वेगळाच निघाला. 8 आणि 24 दातांची जोडी, म्हणजे 3:1 रिडक्शन (वेग एक तृतीयांश, जोर तिप्पट), मी मोटरपाशी ठेवली होती. बहुतेक जण तिथेच ठेवतात, जागा सोयीची म्हणून. ती काढून प्रत्येक चाकाजवळ एक अशी लावली. या जोडीला दोन छिद्रांचं, म्हणजे 16 मिमी अंतर लागतं, त्यामुळे बसवणं सोपं. आता डिफरन्शियल तिप्पट वेगाने फिरतो, पण त्याच्यावरचा पीळ एक तृतीयांश. गाडीचा वेग तोच. लांब शाफ्ट पिळवटायचा, तेही बंद झालं.

ॲक्सल मात्र रुंद झाला, मडगार्ड नव्याने बांधावे लागले.