घोटा मुरगळला तर: पहिल्या तासापासून पुन्हा धावेपर्यंत

खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच खांदा निखळतोही चटकन. खुब्याची वाटी खोल. तिथे हालचाल कमी, पण सांधा पक्का. दोन्ही उखळीचेच सांधे. घोटा मात्र बिजागरीचा: पाऊल वर उचलायचं, खाली झुकवायचं, एवढंच त्याचं मुख्य काम. तरी तो सारखा मुरगळतो, याचं कारण टेलस या हाडाच्या आकारात आहे.

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड यांच्या खालच्या टोकांची एक खाच होते. टेलस त्या खाचेत बसतं. ते पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर उचललं की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. टाच उचलून बोटं खाली केली की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना किंवा उडी मारून जमिनीवर येताना पाऊल नेमकं याच स्थितीत असतं. अशा वेळी तळवा आत वळला की बाहेरच्या बाजूची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, ताणली जातात, आणि त्यातलं पुढचं बहुधा सर्वांत आधी फाटतं. आतल्या बाजूचं लिगामेंट पंख्यासारखं रुंद आणि दणकट असतं. दुखणं त्या बाजूला असेल तर दुखापत किरकोळ समजू नका.

आधी हाड मोडलंय का ते पाहा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचं खालचं टोक आणि तिथून वर ६ सेंटीमीटरपर्यंतची मागची कड बोटाने दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यांपैकी कुठेही हाडावर दुखलं, किंवा लंगडत का होईना पण चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. पाऊल वाकडं दिसत असेल, बधिर किंवा गार पडलं असेल तर तपासत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

हाड शाबूत वाटलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा, दर दोन-तीन तासांनी. बर्फाने दुखणं कमी होतं, फाटलेलं लिगामेंट जुळत नाही. पहिले दोन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही टाळा; आत रक्तस्राव होत असतो, तो वाढतो. ‘लचक काढतो’ म्हणून कुणालाही पाऊल ओढू देऊ नका, अर्धवट फाटलेलं लिगामेंट त्याने पुरतं तुटू शकतं.

क्रेप बँडेज बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात वेढे द्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर यावा. मग अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर बँडेज सोडून सैल बांधा. झोपताना पाय उशांवर, छातीपेक्षा उंच.

दुखणं सोसवेल तितपत पाऊल पहिल्या दिवसांतच वर-खाली हलवू लागा. हवेत पायाच्या अंगठ्याने अक्षरं गिरवणं सोपं पडतं.

सूज उतरली की बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. पाऊल कुठे कललंय हे मेंदूला कळवणाऱ्या चेता लिगामेंटमध्येही असतात. दुखापतीत ती जाणीव मंदावते. म्हणून भिंतीजवळ दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. जोडीला एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम रोज करा. दोन्ही पायांवर सारख्याच टाचा उचलता आल्या आणि दुखऱ्या पायावर न दुखता लंगडी घालता आली, की मग पळायला लागा: आधी सरळ, वळणं घेत पळणं सर्वांत शेवटी.