पावसाच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या लिनक्स मशीनपाशी

उद्या रेड अलर्ट आहे, म्हणजे कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आणि आपण घरी, हे धरूनच चाला. रिमोट सेशन, म्हणजे घरून ऑफिसच्या मशीनशी केलेली जोडणी, तुटायला लागलं की त्या मशीनचं बटण दाबायला तिथे कोणी नसतं. म्हणून अर्धा तास आजच काढा.

आधी मशीन झोपतं का ते बघा. माझा एक अख्खा पावसाळा घरच्या वायफायला शिव्या देण्यात गेला. शेवटी सेशन तुटायच्या वेळा कागदावर लिहिल्या, तर दर वेळी बरोबर वीस मिनिटं! नेटवर्क इतकं वक्तशीर नसतं. गनोमच्या (लिनक्सच्या डेस्कटॉपच्या) पॉवर सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड, म्हणजे मशीनचं आपोआप झोपणं, मी बंद केलं होतं, पण ते माझ्या युजरपुरतं. लॉगिन स्क्रीनची सेटिंग वेगळी असते. त्यापेक्षा सिस्टिमसीटीएल या कमांडने स्लीप आणि सस्पेंड ही झोपेची दोन्ही टार्गेट सरळ मास्क करून टाका, म्हणजे ती कोणालाच सुरू करता येत नाहीत.

एक्सआरडीपी (मशीनचा डेस्कटॉप घरी दाखवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर निघताना नुसती स्क्रीन लॉक करू नका, पूर्ण लॉगआउट करा. तोच युजर तिथे डेस्कटॉपवर बसलेला असेल, तर घरून बऱ्याचदा काळी स्क्रीन दिसते आणि खिडकी मिटते. सेसमनच्या (एक्सआरडीपीची सेशन सांभाळणाऱ्या भागाच्या) कॉन्फिग फाइलमध्ये ‘किल डिस्कनेक्टेड’ फॉल्स, म्हणजे बंद, आहे ना, तेही बघा. नाहीतर लाइन तुटली की उघडी कामंही जातात. तासन्‌तास चालणारं काम मात्र टीमक्समध्येच लावा; लाइन तुटली तरी टर्मिनलमधलं काम तो मशीनवर चालू ठेवतो.

काही न करता बसलं की तुटत असेल, तर मधला राउटर गप्प कनेक्शन विसरतो. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा संदेश, मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागा होतो. तोवर कोण थांबतंय? एसएसएचमधून (सुरक्षित रिमोट लॉगिनने) जात असाल तर लॅपटॉपवर त्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० करा, म्हणजे गप्प असताना दर ६० सेकंदांनी लॅपटॉप मशीनला हाक मारतो.

मग लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन सेशन जोडा आणि खाली कटिंग पिऊन या. अर्ध्या तासाने जिवंत असेल तर निघा. मेलं असेल तर जर्नलसीटीएलमध्ये (मशीनची नोंदवही दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तेवढ्याच वेळेच्या ओळी वाचा. ‘आउट ऑफ मेमरी’ (मेमरी संपली) दिसलं तर गुन्हेगार बहुतेक ब्राउझरचे टॅब.

आणि मशीनवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: ‘बंद करू नये’. आमचे वॉचमनकाका रात्री सगळे स्विच इमानेइतबारे बंद करतात.