इंग्रजी 'फायर'चा नेमका अर्थ कसा लावावा

आपल्याकडे डोंगराला वणवा लागतो, चुलीत जाळ होतो, थंडीत शेकोटी पेटते आणि राखेखाली विस्तव उरतो. इंग्रजीत या सगळ्याला एकटा 'फायर' पुरतो. शिवाय हाच शब्द बंदूक झाडतो, मडकं भाजतो आणि माणसाला घरीही बसवतो. वाचताना किंवा भाषांतर करताना अडलात, तर या क्रमाने जा.

१. आधी नाम आहे की क्रियापद, ते बघा. मागे 'अ' किंवा 'द' असेल तर बहुधा नाम. मग जागा शोधा: जंगलात वणवा, अंगणात शेकोटी, इमारतीला आग. सरसकट 'आग' लिहिलंत, तर सहलीला गेलेली मंडळी शेकोटीऐवजी आगीभोवती गाणी म्हणत बसतात!

२. क्रियापद असेल तर कर्म बघा. बंदूक असेल तर झाडली. मडकं असेल तर आव्यात भाजलं. प्रश्न असतील तर सरबत्ती केली. 'कोल-फायर्ड' वीज केंद्र म्हणजे कोळशावर चालणारं, चंद्रपूरसारखं. आणि कर्म माणूस असेल तर त्याला नोकरीवरून काढलं, बोलीत नारळ दिला. हा अर्थ अमेरिकेतला, १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला. 'डिस्चार्ज' म्हणजे बंदूक झाडणं आणि कामावरून काढणंही. त्या कोटीतूनच तो आला असावा, असं मानतात.

३. क्रियापदानंतर 'अ‍ॅट' आहे का, हे दोनदा तपासा. 'द मॅनेजर फायर्ड द गार्ड' म्हणजे पहारेकऱ्याची नोकरी गेली. 'फायर्ड अ‍ॅट द गार्ड' म्हणजे त्याच्यावर गोळी झाडली. बातमी लिहिताना इथे घसरलात, तर साध्या मॅनेजरला तुम्ही आरोपी करून टाकाल.

इथे आपला घरचा घोटाळाही आहे. 'साहेबांनी आज फायर केलं' असं आपण ऑफिसात म्हणतो, तेव्हा साहेबांनी झापलेलं असतं. हेच परदेशातल्या सहकाऱ्याला इंग्रजीत कळवलंत, तर तो तुमची नोकरी गेली असं समजून हळहळेल. तिथे 'ही शाउटेड अ‍ॅट मी' म्हणा.

४. जोडीचा शब्द सोडू नका. 'कॅच' असेल तर पेट घेतला, 'सेट' असेल तर पेटवून दिलं. 'अंडर फायर' असलेला मंत्री टीकेचा धनी झालेला असतो. सैनिक असेल तर मात्र खरोखर गोळीबारात सापडलेला. 'ऑन फायर' फलंदाज तळपतोय, त्यावर पाणी ओतू नका.

५. उरला 'हँग फायर'. जुन्या बंदुकीचा चाप ओढला तरी कधीकधी बार लगेच उडत नसे, क्षणभर अडकून राही. त्यावरून काम रेंगाळणं हा अर्थ आला. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं तो सर्रास वापरतात. 'द प्रपोजल इज हँगिंग फायर' दिसलं, की प्रस्तावाचं घोंगडं भिजत पडलंय, असं बेधडक लिहा.